विस्मरणाच्या वाटेवर चार पावले

मूल, वडसा, चामोर्शी किंवा आलापल्लीच्या बाजारपेठेतील एखादे जुने धान्य-किराण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. पन्नास वर्षे गादीवर बसलेले बाबूजी. पावकी-निमकी तोंडपाठ, आणि गिऱ्हाईक ओट्यावर चढायच्या आत त्याची मागील बाकी ओठांवर. अशा घरात स्मृतिभ्रंश पहिल्यांदा दिसतो तो बहुधा माणसाच्या चेहऱ्यावर नव्हे, तर वहीत. एकच उधारी दोनदा मांडली जाते. चुकती झालेली रक्कम पुन्हा मागितली जाते आणि तीस वर्षांचे गिऱ्हाईक दुखावून निघून जाते. संध्याकाळी गल्ला जुळत नाही आणि संशय दुकानातल्या पोरावर येतो. मुलाला चूक दिसते. तो ती गुपचूप दुरुस्त करतो आणि कोणाला सांगत नाही, कारण बाजारात वडिलांचे नाव म्हणजेच पेढीची पत. ‘वय झाले’ या दोन शब्दांच्या आड दोन-तीन वर्षे सहज निघून जातात.

हा प्रश्न एखाददुसऱ्या घराचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. त्याला मुळापासून बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही. मग उरते ते पुनर्वसन, म्हणजे जे शिल्लक आहे ते जास्तीत जास्त काळ टिकवणे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात या टिकवण्याला एक वेगळी अडचण आहे. या आजारात वृद्ध माणूस घराबाहेर पडून वाट चुकतो. मोठ्या शहरात असा माणूस कोणा रिक्षावाल्याला किंवा पोलिसाला सापडण्याची शक्यता तरी असते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात मात्र वस्ती संपते तेथेच रान सुरू होते, आणि त्या रानातील वाघाच्या बातम्या वर्तमानपत्रात नित्य येतात. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा भर दुपारी डोक्यावर काही न घेता चालत सुटलेल्या वृद्धासाठी ऊनही तितकेच घातक. म्हणून घरचे लोक दाराला कडी घालतात. त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्या कडीबरोबर वृद्धाचे चालणेही बंद होते. देवदर्शनाला जाणे थांबते, दुकानापर्यंतचा रोजचा फेरा थांबतो. काही महिन्यांत पाय लटपटू लागतात, न्हाणीघरात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. स्मृतिभ्रंशाच्या कित्येक रुग्णांचे अंथरूण धरणे विस्मरणाने नव्हे, अशा पडण्याने सुरू होते.

घराच्या चार भिंतींत, सुरक्षितपणे, पाय आणि बुद्धी दोन्ही एकाच वेळी कशी चालवावीत, या प्रश्नाला युरोपातील काही भौतिकोपचार तज्ज्ञांनी दिलेले उत्तर ऐकून व्यापारी घरातील वाचकाच्या भुवया उंचावतील. ते उत्तर आहे व्हिडिओ गेम.

भुवया उंचावण्याला कारणही आहे. जैन घरात खेळ या शब्दाकडे थोडे संशयाने पाहिले जाते. सप्त व्यसनांच्या यादीत द्यूत पहिले. त्यात मोबाईलवर मान मोडून बसलेला नातू रोज समोर असतोच. तेच व्यसन आता आजोबांनाही लावायचे का, हा प्रश्न रास्त आहे. परंतु येथे पैज नाही, पैसा नाही, आणि बसून अंगठा चालवणेही नाही. येथे खेळायचे असते ते उभे राहून, पावलांनी.

बेल्जियममध्ये दीर्घकाळ देखभालीच्या निवासांत राहणाऱ्या ४५ वृद्धांवर झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या मंडळींचे सरासरी वय सुमारे ८५ आणि प्रत्येकाला स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले गेले. पहिल्या गटासमोर एक पडदा आणि पायांखाली दाब ओळखणारी एक पाटी. पाटीच्या मधोमध उभे राहायचे, भोवती धरायला कठडा. पडद्यावर जशी खूण येईल तसे एक पाऊल पुढे, मागे, उजवीकडे किंवा डावीकडे टाकायचे आणि पुन्हा मध्यावर यायचे. खेळणाऱ्याला जमू लागले की यंत्र खूण थोडी लवकर देते, चुका वाढल्या की आपोआप सोपे होते. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ आपल्या आवडीच्या संगीताच्या चित्रफिती पाहिल्या. दोन्ही गटांना आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी १५ मिनिटे, असे आठ आठवडे मिळाले. पंधरा मिनिटे म्हणजे एका सामायिकाच्या ४८ मिनिटांचा तिसरा भागही नव्हे.

आठ आठवड्यांनंतर खेळणाऱ्या गटाचा चालण्याचा वेग सुधारला होता, तोल सुधारला होता, खूण दिसताच पाऊल उचलण्याची चपळाई वाढली होती. बुद्धीच्या चाचणीत त्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा चांगले आले आणि उदासीनता कमी झाली. खेळामुळे कोणाला इजा झाली नाही. दुसरी बाजूही येथेच नोंदवली पाहिजे. अंघोळ, कपडे, जेवण अशा दैनंदिन कामांतील स्वावलंबनात आणि जीवनमानाच्या मोजमापात दोन गटांत फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, आठ आठवड्यांचाच होता. विसरलेले नाव परत आले, हरवलेली सून पुन्हा ओळखू आली, असा दावा त्या संशोधकांनी केलेला नाही आणि कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

यात घडते काय, ते समजायला बाजारातून घरी येणारा माणूस पुरेसा आहे. हातात पिशवी, समोरून सायकल, शेजारी बोलणारा ओळखीचा, आणि पायांखाली उंचसखल रस्ता. निरोगी मेंदू ही चारही व्यवधाने एकदम सांभाळतो. स्मृतिभ्रंशात हे बिघडते. बोलता बोलता चालणारा माणूस बोलण्यासाठी थांबतो, किंवा चालताना बोलणे ऐकू लागला की अडखळतो. पावलांचा खेळ नेमका हाच सांधा वापरात ठेवतो. खूण ओळखा, चुकीचा पाय आवरा, योग्य दिशेला टाका, तोल सांभाळा. सारे दोन सेकंदांत.

दुसरे कारण अधिक हृद्य आहे. स्मृती एका जागी साठवलेली नसते. काल काय जेवलो हे विसरणाऱ्या माणसाचे हात नोटा पूर्वीसारख्याच झरझर मोजतात, पुडी तशीच बांधतात, तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत तसेच थांबतात. शरीराने शिकलेले ज्ञान या आजारात पुष्कळ उशिरापर्यंत टिकते, आणि नवे काही थोडेफार शिकताही येते. म्हणून असे दृश्य दिसू शकते की आजोबा दररोज म्हणतात, ‘हे काय नवीन आणले? मी कधी पाहिले नाही,’ आणि तरीही त्यांचे पाऊल मागच्या आठवड्यापेक्षा अचूक पडते. मनाला आठवत नाही, पावलाला आठवते.

या विषयाभोवती बाजारही उभा राहिला आहे, आणि बाजार कसा चालतो हे या मासिकाच्या वाचकांना कोणी सांगायला नको. २०१३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी मोटार चालवण्याच्या एका खास खेळाने ६० ते ८५ वर्षांच्या लोकांची एकाग्रता सुधारल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले. ते लोक निरोगी होते, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हते. पण तेवढा बारकावा जाहिरातीत मावत नाही. २०१६ मध्ये ‘ल्युमॉसिटी’ या प्रसिद्ध मेंदू-खेळांच्या कंपनीला, विस्मरण टळते असे सुचवणाऱ्या निराधार जाहिरातींबद्दल, तेथील व्यापार आयोगाबरोबरच्या तडजोडीत २० लाख डॉलर भरावे लागले. मोबाईलवर ‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणून पैसे मागणारे खेळ आपल्याकडेही आहेत. माल तपासल्याशिवाय गाडी उतरवून घ्यायची नाही, हा दुकानातला नियम येथेही लावावा.

खेळाच्या आधी निदान. हे वाक्य अनेक घरांना कंटाळवाणे वाटेल, तरी त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण विस्मरण म्हणजे प्रत्येक वेळी स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइडचे बिघाड, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, यांनीही माणूस विसराळू आणि गोंधळलेला दिसतो, आणि यांवर उपाय असतो. शाकाहारी घरांनी ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी तर अवश्य करावी. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही, दूध-दह्यातून काही प्रमाणात मिळते. वय वाढल्यावर आहार घटतो, एकासने-उपवास चालू राहतात, मधुमेहाच्या काही गोळ्याही त्याचे शोषण कमी करतात. एका रक्ततपासणीने जे कळते त्यासाठी दोन वर्षे गमावू नयेत. तीच गोष्ट कानांची. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणे मांडली त्यांत बहिरेपण आहे, आणि अंधुक दृष्टीही. श्रवणयंत्र पेटीत आणि बाबूजी गादीवर, हे दृश्य आपल्या दुकानांत नवे नाही.

निदानासाठी जायचे कोठे? सिरोंचाहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर, तेथून नागपूर आणखी पावणेदोनशे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगी मेघे येथे वैद्यकीय आणि भौतिकोपचार महाविद्यालये आहेत, मेंदूविकाराच्या सखोल तपासणीसाठी नागपूर आहे. पहिला सल्ला हवा असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत दूरध्वनी मराठीत बोलतो. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ वर आहे. निदान आणि औषधासाठी एकदा-दोनदा हा प्रवास करावाच लागेल. परंतु आठवड्यातून तीनदा १५ मिनिटांच्या व्यायामासाठी कोणी आलापल्लीहून नागपूरला जाणार नाही. तो घरीच झाला पाहिजे.

घरी होऊ शकतो का, या शंकेला याच जिल्ह्याने एकदा उत्तर दिलेले आहे. नवजात बालकांवरील उपचार रुग्णालयातच शक्य आहेत असे मानले जात होते, तेव्हा डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घराघरांत बाळांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अहवाल आला आणि जगाने ती पद्धत घेतली. आजार वेगळा, वय वेगळे. पण योग्य रीत शिकवली तर घरचा माणूस पुष्कळ करू शकतो, हे या मातीत सिद्ध झालेले आहे.

बेल्जियममधली पाटी येथे मिळणार नाही, आणि मिळाली तरी तिची किंमत संस्थेला परवडेल अशी असते. तिचे तत्त्व मात्र फरशीवर उतरवता येते. मध्यभागी एक चौकोन आणि भोवती चार बाजूंना चार रंगांच्या चिकटपट्ट्या. आजोबा मध्यावर उभे. एका हाताशी भिंत किंवा जड टेबल, दुसऱ्या बाजूला घरातले धडधाकट माणूस. समोर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, किंवा साध्या पत्त्यांवर, नातू एकेक रंग दाखवतो आणि आजोबा त्या रंगावर पाऊल टाकून परत येतात. जपानमध्ये याच जातीचा एक प्रकार यंत्राविना चालतो. एक मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब चटईवर ४० चौकोन आखलेले असतात आणि पुढच्या व्यक्तीने दाखवलेला पावलांचा क्रम लक्षात ठेवून त्यावरून चालत जायचे असते. पाय फार अशक्त असतील तर खुर्चीत बसून फक्त पावले हलवावीत. सुरुवातीला पाच मिनिटेही पुरतात. पायांत मोजे किंवा सैल चपला नकोत, जेवण होताच लगेच नको, आणि आधी एकदा भौतिकोपचार तज्ज्ञाकडून तोल तपासून घ्यावा. कधी फेफरे आले असेल तर लखलखणारा पडदा टाळावा.

वेळ सकाळची उत्तम. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता सूर्यास्ताच्या सुमारास वाढते. आपल्या घरांत तीच वेळ चौविहारापूर्वीच्या जेवणाच्या घाईची आणि दुकानातल्या गर्दीची. त्या वेळी खेळ मांडला तर दोघांचीही चिडचिड होईल.

खेळ कोणता निवडावा, यात जैन घराला एक विचार अधिक करावा लागतो. पडद्यावरचे बहुतेक लोकप्रिय खेळ कोणाला तरी मारण्याचे असतात, निदान मासे पकडण्याचे किंवा पक्षी टिपण्याचे. यशोधर राजाची कथा वाचकांना ठाऊक आहे. कोंबडा पिठाचा होता, तरी मारण्याचा भाव खरा होता, आणि त्याचे फळ राजा व त्याची माता यांनी जन्मोजन्मी भोगले. पडद्यावरचा मासाही पिठाच्या कोंबड्यासारखाच. आणि येथे धर्मविचार व वैद्यकीय विचार एकाच ठिकाणी येतात, कारण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला पडद्यावरचे आणि खरे यांतला भेद पुष्कळदा कळत नाही. आयुष्यभर मुंगी वाचवून चाललेल्या माणसाच्या हातून ‘काहीतरी मेले’ अशी त्याची समजूत झाली तर ती व्यथा खेळ संपल्यावरही राहते. रंग जुळवणे, फुले वेचणे, वजन जुळवणे, ओळखीच्या रस्त्यावरून चालणे असे खेळ घ्यावेत. नेदरलँड्समध्ये जागच्या जागी चालवायची सायकल पडद्याला जोडलेली असते. पायडल मारू तसा गावातला रस्ता पुढे सरकतो. भद्रावतीच्या पार्श्वनाथ मंदिराच्या वाटेचे चित्रण मोबाईलवर करून ते दूरचित्रवाणीवर लावणे कोणत्याही नातवाला अवघड नाही.

आपल्या परंपरेतही या जातीची साधने आहेत. आनुपूर्वीची लहान पुस्तिका अनेक घरांत देवघराशेजारी असते. एक ते पाच हे अंक नवकाराच्या पाच पदांचे, आणि त्यांची १२० प्रकारे बदललेली मांडणी. तीन आला की ‘नमो आयरियाणं’, एक आला की ‘नमो अरिहंताणं’. ओठांवर रुळलेला क्रम आवरून डोळ्यांसमोरच्या अंकाप्रमाणे पद उच्चारायचे. मन स्थिर करण्यासाठी योजलेली ही साधना आणि पडद्यावरची खूण पाहून पाऊल आवरणारा खेळ यांची रीत एकच आहे. तिने स्मृतिभ्रंश आटोक्यात येतो असा पुरावा नाही, आणि आराधनेला औषध म्हणून विकणेही योग्य नव्हे. पण आजाराच्या आरंभी, जो आयुष्यभर आनुपूर्वी गुणत आला त्याच्याकडून ती सोडवू नये. सापशिडीचे जैन रूप असलेली ज्ञानबाजीही, बहुधा ८४ घरांची, नातवंडांबरोबर मांडता येते. एकच पथ्य. पद चुकले तर टोकू नये. ‘बाबूजी, चुकलात,’ हे तिसऱ्यांदा ऐकलेला माणूस पुस्तिका मिटतो आणि पुन्हा उघडत नाही. आशातनेची भीती त्याला घालू नये.

याच पथ्यावर सारा खेळ उभा आहे. गुण मोजायला बसलेला मुलगा चांगला सोबती ठरत नाही. त्याला वडिलांत अजूनही पेढीचा मालक दिसतो आणि प्रत्येक चूक त्याला टोचते. नातवाला ते ओझे नसते. आजोबांनी डाव्याऐवजी उजवा पाय टाकला तर तो हसतो, आजोबाही हसतात. आणि ती पंधरा मिनिटे सुनेला मिळतात. दिवसभर औषधे, कपडे, तोच प्रश्न विसाव्यांदा आणि दाराची कडी सांभाळणारी ती असते. पुनर्वसनाच्या हिशेबात तिचा वेळ कोठेच मांडला जात नाही.

व्हीलचेअर, पाणपोई, रुग्णवाहिका यांसाठी आपले संघ मुक्तहस्ते देतात. स्थानकाच्या किंवा जैन भवनाच्या सभागृहात आठवड्यातून तीन सकाळी अशा ज्येष्ठांसाठी अर्धा तास ठेवणे त्याहून कमी खर्चाचे आहे. यंत्र घ्यायचेच असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. २०१० मध्ये आलेले, शरीराची हालचाल टिपणारे ‘किनेक्ट’ उपकरण जगभर अनेक पुनर्वसन केंद्रांनी घेतले. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि त्यावर बेतलेले खेळ अडचणीत आले. सुटे भाग मिळणार नाहीत ते दान घेऊ नये. दुसरे, यंत्राआधी माणूस. मानधन देऊन नेमलेला एक भौतिकोपचार पदवीधर आणि शिकवून तयार केलेल्या चार श्राविका नसतील, तर उद्घाटनाच्या छायाचित्रानंतर त्या यंत्रावर चादर पडेल.

घरी खेळ सुरू केल्यावर एक लहान वही ठेवावी. तारीख, किती मिनिटे, किती वेळा तोल गेला, झोप कशी लागली, चिडचिड वाढली की घटली. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी. वहीवर विश्वास ठेवणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. प्रगती दिसली नाही आणि घसरणही दिसली नाही, तर या आजारात ती जमेचीच बाजू.

पुढे एक दिवस रंगांना अर्थ उरत नाही. खूण दिसते, पाऊल उचलत नाही, आणि आजोबा गोंधळून भिंतीकडे पाहतात. त्या दिवशी पट्ट्या काढून घ्याव्यात. उद्या पुन्हा करून पाहू म्हणून आग्रह धरू नये. त्यानंतरही हातात नवकारवाळी दिली तर बोटे बहुधा मणी ओढत राहतात. पदे कोणीतरी शेजारी बसून म्हणावी लागतात.